पेशीचा ‘ब्रेक’ ओळखणारा प्राणिशास्त्रज्ञ

कर्करोगाचे कोडे सोडवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, ते थिओडोर बोव्हेरी रुग्ण तपासणारे डॉक्टर नव्हते. ते सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसणारे प्राणिशास्त्रज्ञ होते.

बोव्हेरी यांचा जन्म १८६२ मध्ये जर्मनीतील बाम्बेर्ग येथे झाला. एबीबी या कंपनीच्या नावातील शेवटचा ‘बी’ त्यांचे भाऊ वॉल्टर यांचा. थिओडोर म्युनिकला इतिहास व तत्त्वज्ञान शिकायला गेले आणि जीवशास्त्रात रमले. १८९३ मध्ये ते व्युर्झबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८९७ मध्ये त्यांनी अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मार्सेला ओग्रेडी यांच्याशी विवाह केला. प्रयोगशाळेतही ती त्यांची सहकारी होती.

त्यांचा गाजलेला प्रयोग साधा होता. सी अर्चिनच्या एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले, की ते अंडे एकदम चार पेशींत विभागते आणि गुणसूत्रांची वाटणी विस्कटते. कुणाला कमी, कुणाला जास्त. असे बहुतेक गर्भ बिघडत आणि मरत. यावरून १९०२ मध्ये बोव्हेरींनी निष्कर्ष काढला, की प्रत्येक गुणसूत्राचे काम वेगळे असते आणि पेशी धड राहायची तर पूर्ण संच हवा.

मग त्यांच्या मनात प्रश्न आला: अशी बिघडलेली पेशी मेली नाही, उलट वाढतच राहिली तर? १९१४ मध्ये त्यांनी छोटे पुस्तक लिहून मांडले, की कर्करोगाची गाठ गुणसूत्रे बिघडलेल्या एकाच पेशीपासून सुरू होते. विभाजनाला लगाम घालणारी गुणसूत्रे गमावली, तर पेशी मोकाट सुटते. पुरावा हाती नव्हता आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. आजारपणामुळे बर्लिनच्या नव्या संस्थेचे संचालकपदही त्यांनी नाकारले होते. १९१५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले. मार्सेला यांनी केलेला पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुरावा मिळायला अनेक दशके लागली. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यातील कर्करोगाचा अभ्यास करून दाखवले, की जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्यावर गाठ होते. ते आरबी जनुक १९८६ मध्ये हाती आले. बोव्हेरींनी कल्पिलेला लगाम तो हाच. अशा जनुकांना आज ट्यूमर सप्रेसर जनुके म्हणतात. डीएनएला इजा झाली, की पी-५३ विभाजन थांबवते. दुरुस्ती जमली नाही तर पेशीला मरायला लावते. बीआरसीए-१ तुटलेला डीएनए सांधायला मदत करते. हे पहारेकरी गेले, की चुका साठत जातात.

यातली एक प्रत जन्मतःच सदोष असेल, तर उरतो एकच लगाम. म्हणूनच घरात कमी वयात किंवा अनेकांना कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. वेळेवर तपासणी सुरू करायला तीच माहिती उपयोगी पडते.