ऊती टिकवून पाहणारे डॉ. खानोलकर

वांद्रे स्टेशनबाहेरच्या टपरीवरून रोज सुपारीची पुडी घेणाऱ्या एखाद्याला एक दिवस जाणवते, की वडापाव तोंडात शिरत नाही. जबडा ठीक असतो. गालाचे आतले अस्तर आणि टाळू ताठ झालेले असतात. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. यातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. हा ताठरपणा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेण्याचे काम साठ-पासष्ट वर्षांपूर्वी परळमध्ये झाले, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या संस्थेत.

१८९५ मध्ये जन्मलेले खानोलकर १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाचे एम.डी. झाले. मुंबईत त्यांनी ग्रँट मेडिकल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या.

गाठ कापून तपासली, निदान लिहिले, काम संपले, अशी त्यांची वृत्ती नव्हती. ही गाठ नेमकी इथेच का, हा त्यांचा प्रश्न असे. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्याबरोबर त्यांनी भारतीय सवयींशी जोडलेले तीन कर्करोग मांडले. कमरेला धोतर घट्ट कसून जिथे वर्षानुवर्षे घासते, तिथल्या कातडीचा एक. खालच्या ओठाआड चुना-तंबाखू दाबणाऱ्यांचा दुसरा. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा तिसरा. कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांवरचे त्यांचे कामही तितकेच मोलाचे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

१९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम सत्यवती सिरसाट यांनी सांभाळले. हे यंत्र महागडे, पण खरी कसोटी नमुन्याची असते. शरीरातून काढलेला तुकडा लगेच बिघडू लागतो. पेशीतलीच पाचक द्रव्ये पेशीला खाऊ लागतात. म्हणून त्या काळी तो बर्फावर गार ठेवलेल्या ऑस्मियमच्या द्रावणात टाकत. थंडीमुळे बिघाड मंदावतो, ऑस्मियममुळे पेशीची रचना जागच्या जागी पक्की होते. यंत्राच्या आत निर्वात पोकळी असते, तिथे ओला तुकडा चालत नाही. मग अल्कोहोलने पाणी काढायचे, त्या जागी प्लास्टिक भरायचे आणि केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतका पातळ काप घ्यायचा. एवढ्या खटाटोपात कुठेही चूक झाली, तर पडद्यावर रोग दिसतो की आपलीच चूक, हे कळत नाही.

१९६० मध्ये सिरसाट आणि खानोलकर यांनी उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ठरावीक आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतला तिखट घटक, कॅप्सायसिन, लावून तशाच तंतुमयतेचे बदल घडवता आल्याचे त्यांनी मांडले. ते साध्या आणि इलेक्ट्रॉन, दोन्ही सूक्ष्मदर्शकांतून तपासले होते. मिरचीवरचा संशय पुढे मागे पडला. मुख्य दोषी सुपारी, हे नंतरच्या संशोधनाने पक्के झाले. तरीही पेशीबाहेरच्या कोलॅजनच्या धाग्यांकडे नेलेली नजर योग्यच होती. तोंड उघडू न देणारे तेच धागे.

त्याच सुमारास, १९६० ते १९६३, खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

नमुना टिकवण्याची दुसरी वाट त्यानंतर काही वर्षांनी मोकळी झाली. पेशी सावकाश गोठवली की बर्फाचे स्फटिक तिला आतून फाडतात. फ्रीझरमध्ये ठेवलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतो, तसेच. पण पाण्याचा पातळ थर द्रवरूप नायट्रोजनने थंड केलेल्या इथेनमध्ये क्षणात बुडवला, तर स्फटिक बनायला वेळच मिळत नाही आणि पाणी काचेसारखे घट्ट होते. ना ऑस्मियम, ना अल्कोहोल. जाक दुबोशे यांनी १९८०च्या दशकात ही रीत बसवली आणि २०१७ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. परळच्या केंद्राचा वारसा आज खारघरच्या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात चालू आहे. सुपारीने ताठरलेल्या गालांचे तुकडे प्रयोगशाळांकडे अजूनही येतच असतात.