लोखंडी नांगर कुणी घेईना, त्याच नांगराने किर्लोस्करवाडी वसवली

लोखंडाचा नांगर घातला की जमिनीत विष उतरतं आणि मग तिथे काही पिकत नाही, असं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडचे बरेच शेतकरी मानत. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तसा नांगर बनवला, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मिळायला त्यांना दोन वर्षं थांबावं लागलं.

ही गोष्ट सांगताना बहुतेक वेळा शेतकऱ्याला अडाणी ठरवलं जातं. पण जरा त्याच्या जागी उभं राहून बघा.

त्याच्याकडचा लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला असायचा, फाळ लोहाराने घडवलेला. मोडला तर सुतार तिथेच, गावात. दुरुस्तीला रोख पैसे नाहीत, सुगीला खळ्यावर बलुतं द्यायचं की वर्षभराची जबाबदारी सुताराची. आजच्या भाषेत ही सर्व्हिस सेंटरसकट आयुष्यभराची वॉरंटी झाली. आणि कारखान्यातला नांगर ऐन नांगरटीत मोडला तर? बीडाचं ओतकाम गावच्या भात्यावर दुरुस्त होत नाही. बैल उभे, पाऊस तोंडावर आणि नांगर बनवणारा माणूस कुठे तरी लांब बेळगावात. विषाची भीती होतीच, पण ही भीती काही खोटी नव्हती.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, रेषा राहिल्या. मग ते यंत्रांची चित्रं काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतं. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव १८८८ चं, ते इथलंच. ज्या रस्त्यावर दुकान होतं त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. सायकल तेव्हा इतकी नवी गोष्ट होती की नुसती विकून भागत नसे, गिऱ्हाइकाला ती चालवायला शिकवावी लागे. लक्ष्मणराव तेही करत. वस्तू विकली म्हणजे व्यवहार संपला असं नसतं, हे ते बहुधा इथेच शिकले.

पुढे कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग नांगर.

लाकडी नांगर जमीन चिरतो, लोखंडी नांगर ती उलथून टाकतो. खोल गेलेली हरळी आणि कुंदा मुळासकट वर येतात आणि उन्हात वाळून मरतात. काळ्या रानाला हेच हवं असतं. पण या नांगराची खरी परीक्षा त्याच्या टोकाशी, फाळाशी असते. जमिनीशी झगडतो तो फाळ. बीड मऊ ठेवलं तर तो लवकर झिजतो, फार कडक केलं तर दगडावर आपटून तुटतो. म्हणून फाळाचा नुसता पृष्ठभाग कडक करायची युक्ती वापरतात. वितळलेला रस वाळूऐवजी लोखंडी साच्याला टेकवला की तेवढी बाजू झटकन थंड होते आणि कडक बनते.

तरीही फाळ झिजायचाच. तो झिजावा म्हणूनच वेगळा केलेला असतो, म्हणजे बाकीचा नांगर टिकतो. प्रश्न एवढाच की दुसरा फाळ मिळणार कुठे. विलायती नांगराचा फाळ समुद्रापलीकडून यायचा. किर्लोस्करांचा नांगर इथलाच असल्यामुळे फाळही इथलाच, आणि एक काढून दुसरा बसवायला सुतार-लोहाराची गरज नाही. नांगराच्या किमतीपेक्षा शेतकऱ्याला हे जास्त पटण्यासारखं होतं.

हळूहळू नांगर खपायला लागले आणि नेमकं तेव्हाच बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा खाली करायला सांगितली. हातात थोडं यश, डोक्यावर छप्पर नाही. त्या सुमारास लक्ष्मणराव औंधला यमाई देवीच्या मंडपाचं काम करत होते. सातारा जिल्ह्यात विखुरलेल्या त्या छोट्या संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जागा आणि दहा हजार रुपये बिनव्याजी देऊ केले.

जागा म्हणजे निवडुंग, दगड आणि साप. सुमारे ३२ एकर माळ. १० मार्च १९१० ला तिथे मुक्काम पडला. बरोबर २५ कुटुंबं. ओतकामापासून यंत्रापर्यंत सगळ्यात हात असलेले शंभूराव जांभेकर, हिशेब बघणारे मंगेशराव रेगे, व्यवस्था आणि विक्री सांभाळणारे के. के. कुलकर्णी. रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. लोकांनी भुवया उंचावल्या असणार, पण राखण झाली.

मग १९१४ चं महायुद्ध आलं. परदेशी यंत्रं येईनाशी झाली, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. पण कच्चं लोखंडही बाहेरूनच यायचं, तेही थांबलं. गिऱ्हाईक दारात आणि भट्टी रिकामी. ज्या शेतकऱ्यांनी आधीच नांगर घेतले होते त्यांना फाळ कुठून द्यायचे हा प्रश्न तर त्याहून वाईट.

मदत आली कोल्हापूरकडून. पन्हाळ्यावर जुन्या लोखंडी तोफा गंजत पडल्या होत्या. राजर्षी शाहू महाराजांनी त्या किर्लोस्करांना दिल्या. त्या तोफा भट्टीत गेल्या आणि नांगर होऊन शेतात आल्या. शत्रूवर रोखायला ओतलेलं लोखंड हरळी उपटायला लागलं, हे ऐकून त्या तोफा ओतणारे काय बोलले असते कोण जाणे.

युद्धानंतर कारखाना वाढला. चरक, भुईमूग फोडायचं यंत्र, पंप. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत जावी हा त्याचा सुरुवातीचा हेतू. तेच पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं 'किर्लोस्कर' मासिक झालं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून १९२६ मध्ये परतले आणि पुढचा पसारा त्यांनी पुण्यापर्यंत नेला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. तोपर्यंत औंध संस्थान विलीन झालं होतं आणि किर्लोस्करवाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात आली होती. १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवर मात्र आज किर्लोस्करवाडी असं लिहिलेलं आहे.