मेमरी कार्ड ‘माउंट’ होतं म्हणजे काय? गोष्ट डेनिस रिची यांची

फोनमधलं मेमरी कार्ड काढताना ‘अनमाउंट’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. त्याची मुळं पन्नास वर्षांहून जुनी आहेत.

डेनिस रिची यांचा जन्म १९४१ सालचा, अमेरिकेतला. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकून १९६७ मध्ये ते बेल लॅब्समध्ये आले. वडीलही तिथलेच शास्त्रज्ञ. १९६९ मध्ये ते केन थॉम्पसन यांच्यासोबत युनिक्स घडवू लागले.

संगणकाला दुसरी डिस्क जोडली, तर तिच्यातल्या फाइल्स दिसणार कुठे? आज विंडोज सी, डी अशी अक्षरं देतं. युनिक्सने मात्र सगळ्या फाइल्सचं एकच झाड मानलं. नव्या डिस्कचं त्या झाडावर, एखाद्या रिकाम्या फोल्डरच्या जागी, कलम करायचं. हेच माउंटिंग! तो फोल्डर उघडला की डिस्कमधल्या फाइल्स समोर. १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही ही कमांड होती.

रिची यांनी सी भाषा तयार केली आणि १९७३ मध्ये युनिक्स तिच्यात नव्याने लिहिलं गेलं. १९८३ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९१ मध्ये आलेल्या लिनक्सने हीच पद्धत उचलली आणि अँड्रॉइड लिनक्सवरच उभं आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये स्टीव्ह जॉब्स गेले, जग हळहळलं. आठवडाभराने रिची गेल्याचं कळलं, पण ती बातमी फारशी पोहोचलीच नाही.

अनमाउंट केल्यावर लिहायचा राहिलेला डेटा आधी कार्डवर उतरतो, मगच फांदी सुटते. म्हणून कार्ड थेट ओढू नका.