नगरच्या किल्ल्यातील कैदी छत्रपती

अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला म्हटला, की चांदबिबीची झुंज आठवते आणि १९४२ ते १९४५ या काळात तेथे स्थानबद्ध असलेले पंडित जवाहरलाल नेहरू व काँग्रेसचे अन्य नेते आठवतात. त्यांच्याआधी सुमारे साठ वर्षे याच तटबंदीच्या आत एक छत्रपती कैदेत होते, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते. कोल्हापूरच्या गादीवरील चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, नगरच्या किल्ल्यात मरण पावले. त्यांचे वय तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. त्यांच्यावर कोणताही खटला चालला नव्हता. राजाला वेड लागले आहे, असे इंग्रज सरकारने ठरविले होते. राजाला जाणूनबुजून वेडा ठरविले जात आहे, असे पुण्याची वृत्तपत्रे सांगत होती. या दोन बाजूंच्या गदारोळात खुद्द राजाचे म्हणणे कुणाला ऐकू आले नाही.

महाराजांचा जन्म १८६३ चा. भोसले कुळातील या मुलाचे मूळ नाव नारायणराव. कोल्हापूरच्या गादीशी त्यांचा संबंध आला तो एका दूरदेशीच्या मृत्यूमुळे. त्यांच्याआधीचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते. परतीच्या प्रवासात इटलीतील फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचेही वय वीसच होते. त्यांना पुत्र नव्हता. त्यामुळे १८७१ मध्ये नारायणरावांना दत्तक घेण्यात आले आणि ते चौथे शिवाजी झाले. राजाराम महाराज स्वतः दत्तकच होते. गादीवर कोण बसणार, हा घराण्याचा प्रश्न असला, तरी इंग्रज सरकारच्या मंजुरीशिवाय त्याचे उत्तर पूर्ण होत नव्हते.

कोल्हापूर संस्थानाच्या कारभारावर इंग्रजांची पकड १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर बसली. १८५७ च्या धामधुमीत राजबंधू चिमासाहेबांवर संशय घेऊन त्यांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. राजा अल्पवयीन असला, की पोलिटिकल एजंट आणि सरकारच्या मर्जीतील कारभारी हेच खरे राज्यकर्ते ठरत. चौथ्या शिवाजी महाराजांचे बालपण अशाच देखरेखीखाली गेले. शिक्षक, सेवक, दिनक्रम, भेटीगाठी यांपैकी कशाचीही निवड त्यांच्या हाती नव्हती. संस्थानाचे कारभारी होते रावबहादूर माधवराव बर्वे.

महाराज वयात येऊ लागले, तशा त्यांच्या प्रकृतीविषयीच्या वार्ता बाहेर येऊ लागल्या. त्यांच्या मनाचा तोल ढळला आहे, ते हिंसक होतात, त्यांना एकटे सोडता येत नाही, असे सरकारी गोटातून सांगितले जात होते. त्यांच्या दिमतीला गोरे सोल्जर ठेवण्यात आले. या सोल्जरांचा जाच, मारहाण आणि कोंडून घालणे यांमुळेच महाराजांची अशी अवस्था झाली, अशी कुजबुज कोल्हापुरात होती. कारण आणि परिणाम यांची उलटापालट झाली आहे, हा लोकांचा संशय होता.

तो संशय निव्वळ भाबडेपणाचा नव्हता. त्यामागे ताजा अनुभव होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले आणि काशीला पाठविण्यात आले. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर इंग्रज रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याचा आरोप झाला. चौकशी आयोगातील हिंदी सदस्यांना दोष सिद्ध झाला असे वाटले नाही, तरी कुशासनाचे कारण पुढे करून त्यांनाही गादीवरून दूर करण्यात आले. साताऱ्यात फितुरी, बडोद्यात कुशासन आणि आता कोल्हापुरात वेड. राजाला बाजूला सारण्यासाठी प्रत्येक वेळी नवे कारण सापडते, असे पुण्यातील सुशिक्षितांना वाटले तर त्यात नवल नव्हते.

अशा वातावरणात जानेवारी १८८१ मध्ये पुण्यातून इंग्रजी मराठा आणि मराठी केसरी ही दोन पत्रे निघाली. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघेही तेव्हा ऐन पंचविशीत होते. कोल्हापूरच्या महाराजांचा प्रश्न या पत्रांनी हाती घेतला. महाराजांच्या छळाला बर्वे जबाबदार आहेत, असे आरोप प्रसिद्ध होऊ लागले. पाठोपाठ काही पत्रे संपादकांच्या हाती आली. बर्वे यांनीच ती लिहिली असून त्यांतून महाराजांच्या जिवावर उठलेला कट उघड होतो, असे सांगितले गेले. ती पत्रे खरी मानून त्यांच्या आधारे लिखाण छापले गेले.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात उभा राहिला. बचावासाठी निधी जमला, नामांकित वकील उभे राहिले. मात्र पुराव्याची छाननी होताच मुख्य आधारच निखळला. ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. पण बर्वे यांनी फिर्याद मागे घेतली नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते ऑक्टोबरच्या अखेरीस सुटले. खटल्याच्या काळात दहा हजार रुपयांचा जामीन भरला तो महात्मा फुले यांचे सहकारी रामशेट उरवणे यांनी. पुढे वैचारिकदृष्ट्या एकमेकांपासून फार दूर गेलेल्या मंडळींना कोल्हापूरच्या या राजाने काही काळ एका बाजूला आणले होते.

शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे आगरकरांनी केलेले मराठी रूपांतर विकारविलसित या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. खरे वेड कोणते आणि पांघरलेले कोणते, हा प्रश्न ज्या नाटकाच्या मुळाशी आहे, ते मराठीत आले ते नेमके याच सुमारास. नगरच्या किल्ल्यात त्याच वर्षी हा प्रश्न नाटकाचा राहिला नव्हता.

खटल्यामुळे टिळक-आगरकरांना लोकमान्यता मिळाली, केसरीचे नाव घरोघरी पोचले. महाराजांच्या पदरात मात्र नुकसानच पडले. पत्रे बनावट ठरल्याने बर्वे यांच्यावरील कटाचा आरोप निकालात निघाला. त्याबरोबरच महाराजांना कसे वागविले जाते, त्यांच्यावर उपचार होतात की नाही, गोऱ्या सोल्जरांना कोण जाब विचारणार, हे खरे प्रश्नही मागे पडले. न्यायालयापुढे प्रश्न होता बर्वे यांच्या अब्रूचा. महाराजांच्या प्रकृतीचा निवाडा तेथे होणारच नव्हता. बनावट कागदांनी खऱ्या तक्रारीची विश्वासार्हता हिरावून घेतली. ज्याच्या बाजूने ते कागद रचले गेले, त्यालाच त्यांचा सर्वाधिक फटका बसला.

दरम्यान १८८२ मध्ये संस्थानासाठी रीजंट नेमण्यात आला. कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्याकडे ही जबाबदारी आली. महाराज नावापुरते छत्रपती उरले. १८८३ मध्ये त्यांना कोल्हापुरातून हलवून नगरच्या किल्ल्यात आणण्यात आले. हा किल्ला १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने शिंद्यांकडून जिंकला होता आणि या वेळी तो इंग्रजी लष्कराच्या ताब्यात होता. मनोरुग्णासाठी लष्करी किल्ला हे कोणते औषध, हा साधा प्रश्न होता. कोल्हापूरपासून दूर, आप्तस्वकीयांपासून दूर, भोवती पहारा आणि सोबतीला ग्रीन नावाचा गोरा सोल्जर, असे महाराजांचे अखेरचे महिने गेले.

नाताळच्या दिवशी महाराज आणि ग्रीन यांच्यात झटापट झाली. त्या झटापटीत महाराजांना वर्मी इजा झाली आणि त्यांचा अंत झाला. प्लीहा फुटल्याने मृत्यू आला, असे वैद्यकीय कारण देण्यात आले. अनावर झालेल्या रुग्णाला आवरताना घडलेला हा प्रकार, अशी सरकारची भूमिका राहिली. ग्रीनने लाथ मारून राजाचा जीव घेतला, असे लोकांमध्ये सांगितले गेले आणि आजही सांगितले जाते. वृत्तपत्रांतून संतापाची लाट उसळली. कटाची पत्रे खोटी होती. पण गोऱ्या पहारेकऱ्याच्या हाती महाराजांचा जीव सुरक्षित नाही ही भीती खोटी नव्हती, हे या मृत्यूने दाखविले. महाराजांचे आजारपण खरे होते असे मानले, तरी आजारी माणसाला रक्षकाच्या हातून मरण यावे, याचे समर्थन त्यातून होत नाही.

महाराजांना अपत्य नव्हते. पुन्हा दत्तकाचा प्रश्न आला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी आबासाहेब घाटगे यांचे दहा वर्षांपेक्षाही लहान असलेले चिरंजीव यशवंतराव यांना दत्तक घेतले. रीजंटचाच मुलगा गादीवर येतो आहे, यावरून तर्ककुतर्क होणे स्वाभाविक होते. मात्र यशवंतरावांनी आपल्या कर्तृत्वाने त्या कुजबुजीला मागे टाकले. तेच राजर्षी शाहू छत्रपती. १८९४ मध्ये राज्याधिकार हाती आल्यावर त्यांनी शिक्षण, वसतिगृहे आणि १९०२ मधील आरक्षणाचा निर्णय यांनी महाराष्ट्राच्या इतिहासाला वळण दिले. दत्तक पित्याची आठवण मात्र त्या तेजापुढे झाकोळून गेली.

चौथ्या शिवाजी महाराजांची समाधी नगर शहरात आहे. फ्लॉरेन्समधील राजाराम महाराजांचे स्मारक पाहण्यासाठी पर्यटक आवर्जून जातात. नगरच्या या समाधीकडे मात्र शहरवासीयांची पावलेही क्वचितच वळतात. महाराज चरित्रकारांना सापडतात ते टिळकांच्या पहिल्या तुरुंगवासाचे निमित्त म्हणून किंवा शाहू महाराजांच्या दत्तकविधानाची पूर्वपीठिका म्हणून. सरकारच्या लेखी ते एक प्रकरण होते आणि वृत्तपत्रांच्या लेखी एक लढा. कोल्हापूरच्या गादीवर बारा वर्षे नाव असलेल्या या तरुणाला स्वतःच्या नावाने एक दिवसही राज्य करता आले नाही. आपण कसे आहोत, हे सांगण्याची संधीही त्याला मिळाली नाही.