धायटीचे नाव आणि डॉक्टर केरी

अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या व भंडारदऱ्याच्या डोंगरांवर, थंडी सरता सरता तांबड्या फुलांनी भरून जाणारे धायटीचे झुडूप आमच्या पुष्कळ वाचकांच्या ओळखीचे असेल. मुले त्या फुलांतील मध चोखतात, व वैद्य तीच फुले आसवे-अरिष्टे आंबविण्यास घालतात. संस्कृतात यास धातकी म्हणतात. परंतु नावे प्रांतोप्रांती बदलतात, म्हणून वनस्पतिशास्त्रास सर्व पृथ्वीवर चालेल असे एकच नाव हवे असते. ते कसे ठरले हे पाहू गेल्यास, ज्यांस आपण मराठी व्याकरणकर्ते व पवित्र शास्त्राचे भाषांतरकार म्हणून जाणतो, त्या डॉक्टर विल्यम केरी यांची वाटेत गाठ पडते.

केरी यांचा जन्म इंग्लंडात १७६१ साली गरीब घरी झाला. चुलते माळीकाम करीत, त्यांच्यापासून झाडांची गोडी लागली. पण त्वचेच्या विकारामुळे ऊन सोसेना, म्हणून ते जोडे शिवण्याचे काम शिकले. उन्हास भिणारा हा मुलगा पुढे १७९३ साली बंगाल्यात आला! १८०० पासून श्रीरामपुरास राहून त्यांनी सुमारे पाच एकरांची बाग केली, व तिचे वाफे लिनियस पंडिताच्या वर्गवारीप्रमाणे मांडले. कलकत्त्याच्या कंपनी बागेचे अधिकारी डॉक्टर रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही. सह्याद्रीतील कुंभ्याच्या जातीस त्यांनी केरींवरून केरिया असे नाव दिले.

धायटीस लिनियसने १७५९ साली लिथ्रम फ्रुटिकोसम म्हटले होते. रॉक्सबर्ग यांनी १७९५ साली तिला ग्रिस्लिया टोमेंटोसा म्हटले. सॅलिसबरी यांनी १८०६ साली वुडफोर्डिया हे निराळेच घराणे काढले. असे एका झुडपाचे तीन घरी नाव लागले.

रॉक्सबर्ग १८१३ साली आजारी होऊन स्वदेशी गेले व १८१५ साली वारले. हिंदुस्थानच्या वनस्पतींचे त्यांचे मोठे हस्तलिखित छापावयाचे राहिलेच होते. कागद गेले म्हणजे काय जाते हे केरींस पुरते ठाऊक होते, कारण १८१२ च्या मार्चात छापखान्यास आग लागून त्यांची कित्येक वर्षांची लेखने जळाली होती. मित्राचे श्रम त्यांनी वाया जाऊ दिले नाहीत. १८२० व १८२४ साली दोन भाग, आणि १८३२ साली तीन भागांत तो फ्लोरा इंडिका ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. त्यात धायटी ग्रिस्लिया नावाखाली आहे. पुढे १८७१ साली कुर्झ यांनी सॅलिसबरीचे घराणे घेऊन, जातीचे जुने नाव राखावे या नियमाने, वुडफोर्डिया फ्रुटिकोसा हे नाव ठरविले. तेच आज चालते. फ्रुटिकोसा म्हणजे झुडपासारखी, इतकाच त्याचा साधा अर्थ.

१८२३ च्या पुरात केरींची बाग वाहून गेली. त्या वेळी ते स्वतः अंथरुणास खिळले होते; तरी बरे होताच त्यांनी ती पुन्हा लावली. १८३४ च्या जूनात ते वारले. शेवटच्या दुखण्यात त्यांस एक काळजी लागली होती की, आपल्यामागे बंधू मार्शमन बागेत गाई सोडतील. मार्शमन यांनी तसे होऊ देणार नाही असे वचन दिले.