कराची ते मुंबई : जहांगीर रतनजी दादाभाई टाटा

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. पिता पारशी व माता फ्रेंच असल्यानें त्यांचें बालपण दोन देशांत विभागलें गेलें. फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डेलो गांवीं हें कुटुंब उन्हाळ्यांत राहत असे. इंग्लिश खाडी विमानानें प्रथम ओलांडणारे ब्लेरियो यांचेंही घर तेथेंच होतें. तेथेंच पंधराव्या वर्षीं जहांगीर प्रथम विमानांत बसले. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिला गेलेला तो पहिलाच.

१९३० सालासाठीं आगाखान यांनीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील एकट्यानें करावयाच्या उड्डाणास पारितोषिक लाविलें. जहांगीर कराचीहून निघाले, अस्पी इंजिनीअर हा तरुण इंग्लंडाहून. मिसर देशांत अबुकीर येथें दोघांची गांठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवांचून अडकला होता. जहांगीरांनीं आपल्याजवळचा प्लग त्यास देऊन टाकिला, आणि पारितोषिक अस्पीनें जिंकिलें!

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं ते पुस मॉथ जातीच्या चिमुकल्या विमानांत टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडींतून आले. दुपारीं दोनच्या सुमारास जुहूच्या मैदानावर विमान उतरलें. सुमारें हजार किलोमीटरांची ही मजल थांब्यासह सात तासांच्या आसपास झाली. पुढें मद्रासपर्यंत टपाल नेविल व्हिन्सेंट यांनीं पोंचविलें. पावसाळ्यांत जुहू चिखलमय होई, म्हणून विमानें पुण्याहून सोडावीं लागत.

८ जून १९४८ रोजीं त्यांच्या कंपनीचें मलबार प्रिन्सेस हें विमान कैरो व जिनिव्हा येथें विसावा घेत मुंबईहून लंडनास गेलें. जहांगीरही त्यांत होते.

आतां आपल्या वऱ्हाड-नागपूर प्रांताची गोष्ट. जानेवारी १९४९ मध्यें रात्रींची विमानटपाल सुरू झाली. वडनेरहून हिंगणघाटमार्गें आपण ज्या नागपुरास जातों, त्याच्या सोनेगांव तळावर मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं जमत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहांटेच्या सुमारास तीं आपआपल्या शहरीं परतत. चारही शहरें येथून सातशें ते हजार किलोमीटरांच्या आंत असल्यानेंच हें साधलें. जहांगीरांचा मात्र या योजनेस विरोध होता. रात्रीं उतरण्याचीं साधनें त्यांना अपुरीं वाटत. स्वतः उडणाऱ्या मनुष्याची ही शंका हेकेखोरपणाची नव्हती. आरंभ करणारी कंपनी फार काळ टिकलीही नाहीं. पण टपाल पुढें वीस वर्षांहून अधिक काळ चाललें. या एका बाबतींत नागपूर त्यांच्यावर सरस ठरलें, असें म्हणावयास आम्हांस थोडा अभिमान वाटतो.

१९५३ सालीं विमानकंपन्या सरकारी झाल्या. तें त्यांना रुचलें नाहीं, तरी एअर इंडियाचें अध्यक्षपद त्यांनीं १९७८ पर्यंत सांभाळलें. १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, ते पुन्हां जुन्या धाटणीच्या विमानांतून एकटेच कराचीहून मुंबईस आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनिव्हा येथें त्यांचें निधन झालें. त्यांचें दफन पॅरिस येथें झालें.