वालाच्या दाण्यातला लगाम शोधणाऱ्या डॉ. कमला सोहोनी

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा भागात खरिपात जिकडे तिकडे सोयाबीन दिसतं. पण हेच सोयाबीन कच्चं भरडून कोंबड्यांना घातलं, तर त्यांची वाढ खुंटते. भाजलं की अडचण बरीच दूर होते. असं का? याचं उत्तर समजून घ्यायला कमला सोहोनींचं काम पाहावं लागतं.

कमला भागवत यांचा जन्म 1911 साली इंदूरचा. वडील आणि काका रसायनशास्त्रज्ञ, दुर्गा भागवत थोरली बहीण. 1933 मध्ये बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या चाचणीवर प्रवेश मिळाला आणि त्यांचं काम पाहून पुढे इतर मुलींसाठीही दार उघडलं.

1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं, हे दाखवणारा त्यांचा प्रबंध जेमतेम 40 पानांचा होता. मायदेशी परतल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि 1947 मधल्या लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला.

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांसोबत कडधान्यं तपासली. 1955 मध्ये वाल आणि डबल बीमधून ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिनं स्फटिकरूपात वेगळी केल्याचं ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. ट्रिप्सिन म्हणजे अन्नातली प्रथिनं तोडणारं विकर. त्याला अडवणारं द्रव्य सोयाबीनमध्येही असतं, पण उष्णतेने ते निकामी होतं.

असा लगाम प्राण्यांच्या पेशींनाही लागतो. स्वादुपिंडाच्या पेशी ट्रिप्सिन निष्क्रिय रूपात बनवतात, सोबत त्याला रोखणारं प्रथिनही बनवतात. नाहीतर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागेल.

पेशींमध्ये याहून आधीच्या टप्प्यावरचा लगामही आहे. मायक्रोआरएनए हे इवलेसे रेणू प्रथिन बनवण्याचा निरोपच अडवतात. पहिला मायक्रोआरएनए 1993 मध्ये व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या कामातून पुढे आला. त्यासाठी दोघांना 2024 चं नोबेल मिळालं. हा रेणू किती बनवायचा आणि कधी मोडायचा, यावरही पेशीचं नियंत्रण असतं.

कमलाबाईंनी पुढे नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या. 1998 मध्ये त्यांचं निधन झालं. वालाची उसळ नीट शिजवून का खावी, याचं शास्त्रीय कारण मात्र त्या आपल्या हाती देऊन गेल्या.